ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: शेजारच्या मारहाणीच्या केसमध्ये किती कामाचं?

शेजाऱ्यांची भांडणं हातघाईवर येऊन केस कोर्टात गेली की पुढची तारीख कळायला वकिलांच्या फोनची वाट बघत बसावं लागतं. हे मोफत सरकारी ॲप ती अडचण खरंच दूर करतं, तारखांसाठी ते उत्तम आहे. पण आरोपावर कोर्टाने काय ठरवलं, हे त्यावरून पक्कं कळत नाही.

पहिली अडचण केस शोधतानाच येते. फिर्यादी स्वतःचं नाव टाकून बघतात आणि काहीच सापडत नाही. पोलीस केसमध्ये फिर्यादी पक्षकार नसतो, केस राज्य शासन विरुद्ध आरोपी अशी चालते. म्हणून आरोपीच्या नावाने शोधा, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एफआयआर नंबर: जिल्हा, कोर्ट संकुल, पोलीस ठाणे, नंबर, वर्ष. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर गुन्हे नोंदवले असतील तर केसही दोन असतात, दोन्ही शोधून ठेवा. पोलिसांनी नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि तुम्ही थेट कोर्टात खासगी फिर्याद केली, तर एफआयआरच नाही; तिथे केस नंबरने किंवा पक्षकार म्हणून तुमच्याच नावाने शोधा.

एकदा केस सापडली की सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या. तो सोळा अक्षरी असतो: राज्य-जिल्ह्याची चार अक्षरं, कोर्टाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा, वर्षाचे चार. पुढे फक्त तोच टाकायचा.

ॲपचा सगळ्यात उपयुक्त भाग म्हणजे मागच्या तारखांची यादी. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशीचं कामकाज उघडतं. बहुतेकदा ती एकच ओळ असते: आरोपी गैरहजर, वॉरंट काढले, चार्जसाठी (आरोप निश्चितीसाठी) नेमले. पण केस कुठे अडली ते त्यातूनच कळतं. चार-पाच तारखा ओळीने समन्सवरच असतील, तर समन्स बजावणीचं काय झालं ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारा.

आता कलमं. ॲपवर दिसतात ती साधारणपणे केस नोंदवताना भरलेली, म्हणजे चार्जशीटमधली. समजा, पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं ११८(१), घातक हत्याराने दुखापत, लावलं आणि कोर्टाला हत्यार दिसलं नाही, म्हणून फक्त ११५(२), साधी दुखापत, उरलं. ॲपवर जुनंच कलम राहू शकतं. फरक मोठा आहे: ११८(१) ला तीन वर्षांपर्यंत कैद, ११५(२) ला एक वर्षापर्यंत आणि तिथे जखमी व्यक्तीला तडजोडही करता येते. शिवाय नुसतं ११५(२) असेल तर ती समन्स केस (कमी शिक्षेच्या गुन्ह्याची), तिथे औपचारिक चार्ज ठेवतच नाहीत. म्हणून चार्ज ज्या निशाणीवर (केसच्या कागदाला कोर्टाने दिलेला नंबर) आहे तिची नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागातून काढा. ॲपवरून उतरवलेली पीडीएफ वाचायला ठीक, पण पुढच्या कोर्टात दाखल करायला प्रमाणित प्रतच लागते.

आरोपाला आव्हान द्यायचं तर तेही वेळेवर करावं लागतं. वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची केस) चार्जशीटच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत आरोपीला डिस्चार्जचा, म्हणजे चार्ज ठेवण्याआधीच आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २६२). तो फेटाळला तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (त्या आदेशाच्या फेरतपासणीचा अर्ज) करता येते, मुदत ९० दिवस. रिव्हिजनला वेगळा सीएनआर मिळतो, मूळ केसच्या पानावर ती शोधत बसू नका.

केस अचानक ‘डिस्पोज्ड’ (निकाली) दिसली तर घाबरू नका. खुनाच्या प्रयत्नाचं कलम असेल तर न्यायदंडाधिकारी केस सत्र न्यायालयाकडे पाठवतात. जुना नंबर बंद होतो, नवा सुरू होतो. निकालाचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा.

ॲपमधल्या ‘माय केसेस’ यादीत जपलेल्या केस फोनमध्येच राहतात. फोन बदलण्याआधी एक्सपोर्ट करून ठेवा, नाहीतर सगळे नंबर पुन्हा शोधावे लागतील.