'नथिंग एल्स मॅटर्स': सराव अल्बमवर करावा की 'एस अँड एम'वर?

गिटारवर 'नथिंग एल्स मॅटर्स' बसवायला घेतलं की आधी ठरवावं लागतं, सोबतीला कुठलं रेकॉर्डिंग लावायचं. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या १९९१च्या ब्लॅक अल्बममधलं, की १९९९ मध्ये बर्कलीत सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी या वाद्यवृंदासोबत वाजवलेलं, 'एस अँड एम' या मैफिलीतलं? मी दोन्हींवर भरपूर वाजवलंय.

नुसतं ऐकायचं असेल तर 'एस अँड एम'ला नावं ठेवायला जागा नाही. संगीतकार मायकेल केमनने रचलेला ऑर्केस्ट्रा मूळ गाण्यातही आहे, पण बराच मागे. इथे केमन स्वतः वाद्यवृंद चालवतो आणि व्हायोलिन्स थेट पुढे येतात. त्यात लोक सोबत गाऊ लागले की अंगावर काटा येतो.

वाजवायला बसल्यावर मात्र गोची होते. 'एस अँड एम'मध्ये अख्खा बँड अर्धा स्वर खाली आहे. गाण्याची सुरुवात मोकळ्या तारांवर: सहावी, तिसरी, दुसरी, पहिली आणि परत मागे. डाव्या हाताला कामच नाही, त्यामुळे बोटं सरकवून सूर खाली आणता येत नाही. मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड सांगतो की एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताने तारा छेडताना हे सुचलं. कॅपोनेही (गिटारच्या मानेवर लावायच्या चिमट्यानेही) भागत नाही, कारण कॅपो सूर चढवतो, उतरवत नाही. म्हणजे सहाही खुंट्या पिळणं आलं. माझ्या अकूस्टिकवर तारा उतरवल्या की सहावी ढिली पडून फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते, आणि परत चढवल्या की तिसरी हटकून घसरते. बाकीची सगळी गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, त्यामुळे हा खटाटोप रोजचा. मोबाइलवर रेकॉर्डिंगच अर्धा स्वर चढवून पाहिलं, पण हेटफिल्डचा आवाज पातळ होतो. ते मला सोसवलं नाही.

अल्बमचं रेकॉर्डिंग नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहे; ते लावा आणि सरळ वाजवायला लागा. ऑर्केस्ट्रा मागे असल्याने गिटारची तार न् तार सुटी ऐकू येते. बँडचा मुख्य गिटारवादक कर्क हॅमेट त्यात वाजवतच नाही, शेवटचा सोलोही हेटफिल्डचाच. त्यामुळे एकाच माणसाचा हात कानात बसतो. १९९२ मध्ये सिंगल आलं तेव्हा ते ब्रिटनमध्ये सहाव्या आणि अमेरिकेत चौतिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, पण थ्रॅशवर (वेगवान, आक्रमक मेटलवर) पोसलेले बरेच जुने चाहते बिथरले. गाणं फार हळवं, फार गुळगुळीत, ही त्यांची तक्रार. त्यांचा राग मी समजू शकतो. शिकणाऱ्याला मात्र बॉब रॉकच्या निर्मितीतली तीच सफाई उपयोगी पडते.

घरात दुसरी गिटार असेल तर ती कायमची अर्धा स्वर उतरवून ठेवा आणि 'एस अँड एम' खुशाल लावा. एकच असेल तर, माझ्या मते तरी, अल्बमच बरा. सोलोची घाई करू नका. आधी मोकळ्या तारांवरची सुरुवात न अडखळता येऊ द्या.