एक्स-रे निघतो तेव्हा कोण कुठे उभे असते: रूट कॅनॉलच्या चार भेटींनंतरचा अभिप्राय

वडिलांच्या खालच्या दाढेच्या रूट कॅनॉलसाठी गेल्या महिन्याभरात आम्ही या दवाखान्यात चार वेळा आलो. वडील ७८ वर्षांचे आहेत. डॉक्टरांचा हात हलका आहे असे इथे अनेकांनी लिहिले आहे आणि ते खरे आहे. भुलीची सुई सोडली तर वडिलांना काहीही दुखले नाही. मी मात्र सत्तावीस वर्षे सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होते, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच भिंतीवरच्या एक्स-रे यंत्राकडे आणि ते चालवणाऱ्यांकडे गेले, आणि त्याविषयीच सविस्तर लिहावेसे वाटते.

रूट कॅनॉलमध्ये सुरुवातीला, मुळांची लांबी मोजताना आणि शेवटी असे तीन-चार एक्स-रे निघतात. त्याने रुग्णाने घाबरू नये. दाताच्या एका छोट्या एक्स-रेमधून शरीराला मिळणारी किरणांची मात्रा साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजण्याचे एकक) असते आणि निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. रुग्ण चार एक्स-रे काढून घरी जातो. कर्मचारी मात्र त्याच खोलीत दिवसभर, वर्षानुवर्षे असतात. म्हणून दवाखाना पारखताना मी आधी हे पाहते, की बटण दाबले जाते तेव्हा कोण कुठे उभे आहे.

वडिलांच्या तोंडात एक्स-रेची प्रतिमा टिपणारा सेन्सर बसवताना त्यांना दोनदा ओकारी आली. येथील कनिष्ठ डॉक्टर मुलीने घाई केली नाही. "आजोबा, नाकाने श्वास घ्या, पायाचा अंगठा हलवत राहा," असे सांगत तिने होल्डर पुन्हा बसवला, त्यांना तो हलकेच चावून धरायला लावला, मला खोलीबाहेर जायला सांगितले आणि स्वतः भिंतीआड जाऊन शिसेयुक्त काचेतून त्यांच्याकडे पाहत बटण दाबले. एक बीप झाली आणि संपले. यात विशेष काय, असे कुणाला वाटेल. पूर्वी ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो तिथे अशीच ओकारी आल्यावर मदतनीस मुलीला वडिलांच्या तोंडात स्वतःच्या बोटाने फिल्म धरून उभे राहायला सांगितले होते. ते दृश्य मला आजही अस्वस्थ करते. कर्मचाऱ्याने फिल्म हाताने धरायची नसते, कधीच नाही.

स्वागतकक्षात यंत्राच्या नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे. दातांच्या एक्स-रे यंत्रालाही अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते हे पुष्कळ रुग्णांना ठाऊक नसते. यंत्र लहान असले तरी २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम त्याला लागू आहेत. मी विचारताच डॉक्टरांनी यंत्राच्या गुणवत्ता चाचणीचा अहवाल फाइलमधून काढून दाखवला, तोही आढेवेढे न घेता. कर्मचाऱ्याला किती किरण लागले हे मोजणारे, अंगावर लावायचे टीएलडी बॅज एक्स-रेच्या खोलीत न ठेवता बाहेर खुंटीवर टांगलेले होते, हे पाहून मला फार बरे वाटले. बॅज यंत्राजवळ राहिला तर माणसाला न मिळालेली मात्रा त्याच्या नावावर चढते, आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतून येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

तक्रार दोन गोष्टींची आहे. तिसऱ्या भेटीत कनिष्ठ डॉक्टर रजेवर होत्या आणि नव्याने लागलेल्या मदतनीस मुलीला बटण दाबायला सांगितले गेले. तिच्या अंगावर बॅज नव्हता. मी विचारले तेव्हा, "काकू, माझा अजून आला नाही, लागला तर ताईंचा लावते," असे ती अगदी निरागसपणे म्हणाली. बॅज उसना घ्यायची वस्तू नाही. तो एकाच माणसाचा हिशेब ठेवतो. शिवाय यंत्र चालवणारी व्यक्ती त्या कामाचे शिक्षण घेतलेली असली पाहिजे, आणि या मुलीला ते कुणी दिलेले नव्हते. मी हे मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातले. त्यांनी चूक मान्य केली आणि त्यानंतरचा एक्स-रे स्वतः काढला.

दुसरी गोष्ट शिशाच्या एप्रनची. तो घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. घडीवर आतल्या शिशाच्या थराला चिरा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. तो आडव्या दांड्यावर सरळ टांगायला हवा. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी रुग्णाला एप्रन घालण्याची गरज नाही अशी शिफारस केली आहे हे मला माहीत आहे, पण जी वस्तू वापरात ठेवली आहे ती धड ठेवावी एवढेच माझे म्हणणे.

उपचारासाठी पाचपैकी पाच तारे द्यायला माझी हरकत नव्हती, तरी सध्या चार देते आहे. वडिलांची कॅप बसवायला पुढच्या आठवड्यात यायचे आहे. त्या मुलीचे प्रशिक्षण झालेले आणि खुंटीवर तिच्या नावाचा बॅज लागलेला दिसला, की याच अभिप्रायात तशी नोंद करून पाचवा तारा देईन.