चिनी-जपानी नामपदबंध एकाच गड्डीत : ८ महिन्यांच्या वापरानंतर

जपानीची एन-४ (जपानी भाषा-परीक्षेची एक पातळी) झाल्यावर मी चिनी सुरू केली आणि आंकी या पाठांतराच्या कार्डांच्या ॲपवर दोन्हींची एकच गड्डी केली. पुढे मराठी, मागे दोन्ही भाषा. रोज २० मिनिटं.

पहिले २ महिने वाया गेले, कारण कार्डांवर सुटे शब्द होते. चिनीत ‘शू’ आणि जपानीत ‘होन’ म्हणजे पुस्तक हे पाठ होतं, पण ‘ते पुस्तक’ म्हणताना अडायचं. जपानीत ‘आनो होन’ पुरतं. चिनीत साधारणपणे ‘ना बन शू’ म्हणतात, मध्ये ‘बन’ हा मोजशब्द (वस्तू मोजताना नामाआधी लागणारा शब्द) येतो. हे ‘बन’ लिहायचं अक्षर जपानीत ‘होन’चंच! जपानीतही ते मोजायला वापरतात, पण पेन्सिली, बाटल्या, छत्र्या अशा लांबट वस्तूंसाठी. पुस्तकांना तिथे ‘सात्सु’. म्हणजे ‘तीन’ आणि हे अक्षर शेजारी दिसलं की चिनी वाचकाला पुस्तकं आठवतील, जपानी वाचकाला पेन्सिली. ही गल्लत सुटायला मला कित्येक आठवडे लागले. सुटे शब्द काढून अख्खे पदबंध (‘ते पुस्तक’सारखे नामाभोवतीचे शब्दगट) घातले तेव्हाच गाडी पुढे सरकली.

मराठी माणसाला यात एक मोठी सोय आहे. ‘मी घेतलेलं पुस्तक’ यात सगळं वर्णन नामाच्या आधी येतं, तसंच या दोन्ही भाषांत. चिनीत ‘वो माय द शू’, जपानीत ‘वाताशि गा कात्ता होन’. क्रमाची भीती वाटलीच नाही. अवघड आहे तो सांधा. चिनीत इथे ‘द’ लागतो, जपानीत क्रियापद थेट नामाला चिकटतं. चिनी शिकायला लागल्यावर मी जपानीतही ‘द’सारखा ‘नो’ मध्ये घालून ‘कात्ता नो होन’ म्हणू लागले! चिनी मातृभाषा असलेले विद्यार्थीही जपानीत नेमकी हीच चूक करतात, हे कळल्यावर बरं वाटलं.

संख्येचं मात्र अजून डोक्यात बसायचंय. ‘तीन पुस्तकं’ म्हणताना चिनीत ‘सान बन शू’ हा क्रम ठरलेला. जपानीत ‘सानसात्सु नो होन’ चालतं, पण बोलताना ‘होन ओ सानसात्सु’ जास्त सहज वाटतं.

एक भाषा थोडी मुरलेली असेल तरच अशी गड्डी करा. दोन्ही कोऱ्या असतील तर नको. आणि नात्यांची कार्डं वेगळी ठेवा : चिनीत ‘वो मामा’ म्हणजे ‘माझी आई’, तिथे ‘द’ सहसा गळतो, जपानीत ‘वाताशि नो हाहा’ मधला ‘नो’ राहतो. ती कार्डं मी गेल्या महिन्यात वेगळी केली.