इन्झर फॉरएव्हर लिव्हर बेल्ट: १० मिमी घ्यावा की १३?

पॉवरलिफ्टिंगच्या (स्क्वॉट, बेंचप्रेस, डेडलिफ्ट या खेळाच्या) लिव्हर बेल्टचा, म्हणजे बकलऐवजी खटक्याने बंद होणाऱ्या कंबरपट्ट्याचा विषय निघाला की अमेरिकेतल्या इन्झर कंपनीचा ‘फॉरएव्हर’ आधी समोर येतो. तो १० आणि १३ मिमी अशा दोन जाडींत मिळतो. आयपीएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात रुंदी जास्तीत जास्त १० सेंमी, जाडी १३ मिमी, आणि आतून पॅडिंग अजिबात नको. मागे रुंद, पोटावर निमुळता असा जिममधला नेहमीचा बेल्ट या खेळात फारसा कामाचा नाही. श्वास भरून पोट ज्यावर दाबायचं, ते चामडं पुढेच कमी पडतं.

आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी १० मिमीच घ्यावा. १३ मिमी जास्त ताठ असतो, पण धड आखूड असेल तर वरची कड बरगडीत आणि खालची कमरेच्या हाडावर रुतते. डेडलिफ्टला वाकताना हे जास्त जाणवतं. वजनदार, जाड कमरेच्या लिफ्टरला मात्र तो शोभतो.

माप पँटच्या साइजवरून घेऊ नका. बेंबीच्या रेषेत, सिंगलेटवरून (स्पर्धेत घालायच्या अंगाबरोबरच्या पोशाखावरून), पोट आत न ओढता टेप लावा. नवा बेल्ट पाटीसारखा कडक असतो. दोन्ही बाजूंनी गुंडाळत राहा, काही आठवड्यांत नरम पडतो. तेल लावू नका. चामडं ढिलं पडलं की बेल्टचा अर्थच संपतो.

लिव्हरची खरी मजा म्हणजे दर वेळी तेवढाच घट्टपणा, आणि लिफ्ट झाली की एका झटक्यात सुटका. दुखणंही त्यातच आहे. लिव्हर दोन स्क्रूंनी ठरावीक भोकांवर बसवलेला असतो, त्यामुळे घट्टपणा बदलायचा तर स्क्रू ड्रायव्हर काढावा लागतो. आयपीएफच्या पद्धतीत खेळाडूंचं वजन करणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं. वजनगटात बसायला वजन कापून आलेला लिफ्टर त्यानंतर पाणी, मीठ, भात पोटात ढकलतो आणि सकाळी नीट बसलेला बेल्ट स्क्वॉटच्या वेळी बंदच होत नाही. ‘बार लोडेड’ (बार तयार आहे) अशी घोषणा झाल्यावर लिफ्ट सुरू करायला एकच मिनिट मिळतो, तेव्हा स्क्रूशी झटापट कोण करणार? म्हणून खाऊनपिऊन झालं की वॉर्मअपलाच भोक ठरवून टाका. स्क्वॉटसाठी योग्य भोक डेडलिफ्टला अनेकांना जास्त घट्ट होतं. तिथे एक भोक सैल करा किंवा बेल्ट थोडा वर सरकवा.

श्वास सोडून लिव्हर जोर लावून बंद व्हावा, पण श्वास भरल्यावर पोट पुढे, बाजूंना आणि मागेही बेल्टवर दाबता आलं पाहिजे. छातीतच श्वास अडकत असेल तर बेल्ट फाजील घट्ट आहे. लिव्हर तुटतो तो बहुधा याच हट्टापायी, किंवा उघडा बेल्ट फरशीवर आपटल्याने. वापरता वापरता स्क्रू सैल होतात. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) थेंबभर लावा, लाल नको, ते पुन्हा सहज निघत नाही. बॅगेत जादा स्क्रू असू द्या.

भारतात मागवताना शिपिंग आणि कस्टम्स धरून हिशेब करा. देशी स्वस्त लिव्हर बेल्ट सरावाला चालतात, पण ‘१० मिमी’ छापलेलं असलं तरी व्हर्नियरने मोजा. आयपीएफच्या नियमांवर चालणाऱ्या मोठ्या स्पर्धेत मान्यताप्राप्त यादीतलाच ब्रँड लागतो, तेव्हा त्या वर्षाची यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. आणि स्पर्धेआधी दरवेळी तीन-चार किलो उतरवणाऱ्यांनी सरळ एका काट्याचा बकलवाला बेल्ट घ्यावा.