‘दुर्मिळ काश्मिरी अंबरी’ म्हणून घरी येतं ते रोप

सफरचंदाचं रोप विकणाऱ्या ऑनलाइन जाहिरातीत असं लिहिलेलं असतं: ‘अस्सल काश्मिरी अंबरी. दोन वर्षांत फळ. कुंडीत चालतं. कुठल्याही हवामानात येतं.’ यातला पहिला दावा एखादे वेळी खरा निघेल, उरलेले तीन खोटेच असतात.

अंबरी हे काश्मीरचं जुनं देशी सफरचंद. लांबट, लाल पट्ट्यांचं, सुवासिक, ऑक्टोबरच्या सुमारास उतरणारं आणि पुढे महिनोन्महिने टिकणारं. बाहेरून आलेल्या डेलिशियस सफरचंदांनी बाजार घेतला तसं ते मागे पडलं, कारण ते फार उशिरा फळ धरतं. बियांपासून केलेल्या खुंटावरचं (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावरचं) झाड पहिलं फळ दाखवायला दहा वर्षं सहज घेतं. फसवणूक टिकते ती या उशिरावरच. जातीची खात्री फळावरून होते आणि तोवर विक्रेत्याचं नाव, नंबर, पेज सगळं बदललेलं असतं. ग्राहक आयोगात जायची मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षं. म्हणून जे पाहायचं ते पार्सल उघडल्या दिवशी पाहावं, तेही व्हिडिओ सुरू ठेवून.

आधी पान. सफरचंदाच्या पानाला एकच मधली शीर, कडेला करवती दाते आणि कोवळ्या पानाच्या खाली बारीक लव असते. देठापासूनच तीन ठळक शिरा निघाल्या असतील, पानाची खालची बाजू पांढुरकी असेल आणि देठाशी काटा असेल, तर ते बोर आहे. अ‍ॅपल बोराची स्वस्त कलमं ‘अ‍ॅपल’ म्हणून सर्रास खपवली जातात, आणि घेणाऱ्याला ते पहिल्या बहरापर्यंत कळतही नाही. पान गुळगुळीत, चकचकीत आणि दाते फार बारीक असतील तर नासपतीचा संशय घ्यावा.

मग सांधा. खऱ्या कलमाला जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर जोड दिसतो: तिथे खोड किंचित वाकलेलं किंवा फुगलेलं असतं, वर-खाली सालीचा पोत वेगळा असतो. नुसती पट्टी गुंडाळलेली दिसली म्हणून कलम समजू नये. न कापलेल्या बी-रोपावर पट्टी गुंडाळून ‘ग्राफ्टेड’ म्हणून विकतात. पट्टी सोडली की आत साल सलग असते. दुसरा प्रकार जास्त फसवा: कलमकाडी (खुंटावर जोडलेली हव्या जातीची काडी) वाळून गेलेली, आणि हिरवी फूट आलेली जोडाच्या खालून. ती खुंटाची फूट. ती जोमाने वाढते, झाड छान दिसतं, पण अंबरीचा त्यात अंशही नसतो. नखाने जोडाच्या वरची साल खरवडून पाहावी. आत हिरवी नसेल तर रोप मेलेलंच समजावं.

‘अंबरीच्या बिया’ घेणं तर पैसे पाण्यात घालणं. सफरचंद बियांपासून जातिवंत येत नाही, प्रत्येक बी वेगळं झाड देते. आणि पिशवीतल्या फूटभर काडीला दोन-तीन मोठी लाल फळं लटकलेली दिसली तर देठ कुठे जुळतो ते बोटाने चाचपावं. चिकटवलेला देठ लगेच हाती येतो.

आता महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर खरं अंबरी आणून दिलं तरी ती फसवणूकच आहे. काश्मीर-हिमाचलच्या पारंपरिक जातींना हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण हजार तास लागतात. पुणे-नाशिक सोडाच, महाबळेश्वरही ते देत नाही. थंडी पुरली नाही की शेंड्याचे डोळे तेवढे फुटतात, खालची फांदी उघडीच राहते, बहर तुटक येतो किंवा येतच नाही. खत वाढवून हे सुटत नाही, पण विक्रेता नेमका त्याच वेळी खत आणि ‘टॉनिक’ विकतो. ‘एकच झाड पुरे’ हेही खोटं: अंबरीला परागासाठी दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं.

इथे लावायचंच असेल तर कमी थंडीवर येणाऱ्या जाती मागाव्यात: अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन, किंवा हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी निवडलेली एचआरएमएन-99. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन जोडीने लावल्या तर परागाचा प्रश्न मिटतो. खुंटाचं नाव विचारावं. एमएम-106 काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत बुंध्याशी कुजतो. तिथे एमएम-111 बरा. जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहिला पाहिजे. जोडाखालची प्रत्येक फूट दिसताक्षणी काढावी.

फळझाडांची रोपवाटिका चालवायला 1969 च्या राज्य कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना क्रमांक, जात आणि खुंट पावतीवर लिहून मागितलं की निम्मे विक्रेते गप्प होतात. पावती ‘लाइव्ह प्लांट’ एवढीच असेल तर पुढे जात सिद्ध करायला हातात काही नसतं.

फसगत लक्षात आली तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पान आणि सोडलेल्या सांध्याचे फोटो, पैसे दिल्याची नोंद हे सगळं घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवावी. ‘बदली रोप पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून रोप नको, पैसेच मागावेत. बदली रोप येतं ते त्याच ढिगातलं, आणि ते फुटतंय का हे बघण्यात आणखी एक हंगाम जातो.