संपादक मेला, आता सांगा कोण कुठे होतं

मी मुद्रितशोधक. बावीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरतेय. किलोवर पुस्तकं विकणाऱ्या एका प्रदर्शनात 'हू डन इट?' हाती लागलं. संपादकाचा खून झालाय आणि संशय लेखकांवर आहे, एवढं मागच्या पानावरून कळलं आणि पुस्तक थेट तराजूत टाकलं.

अमेरिकेत सोहो टीन प्रकाशनाने २०१३ साली काढलेलं हे पुस्तक. लेखकांची जमवाजमव जॉन शेस्का यांची, आणि तपास अधिकारीही तेच. मयत इसम हर्मन मिल्ड्यू: खडूस, कळकट, चीजवर जीव टाकणारा आणि लेखकांना किडामुंगी समजणारा संपादक. मिल्ड्यू म्हणजे बुरशी. मी मनातल्या मनात त्याचं हरिभाऊ बुरशे करून टाकलं, मग वाचायला आणखी मजा आली. हरिभाऊंच्या पार्टीचं आमंत्रण येतं, पाहुणे जमतात, तर यजमानच खलास आणि पाहुणे संशयित! मग लेमनी स्निकेट, लिबा ब्रे, मो विलेम्स, रिबेका स्टेड असे मुलांसाठी नि किशोरांसाठी लिहिणारे ऐंशीहून जास्त लेखक 'मी तिथे नव्हतोच' असा एकेक जबाब देतात.

दिवाळी अंकातला परिसंवाद आठवा. एक प्रश्न, वीस मान्यवर. तसंच हे, फक्त इथले मान्यवर पोटापाण्यासाठी थापा मारणारे. निर्दोष आहोत हे पटवता पटवता हरिभाऊंनी केलेले अपमान असे चवीने सांगतात की जबाब संपेपर्यंत खुनाचा हेतू आपसूक सिद्ध. एका संपादकांनी माझ्याकडून एकच लेख सात वेळा तपासून घेतला होता आणि शेवटी पहिलं प्रूफ छापलं होतं. त्या रात्री तू कुठे होतीस असं कुणी विचारलं असतं, तर मीही चार पानं सहज लिहिली असती.

रहस्य मात्र पातळ. नववीतली भाची पेन्सिल घेऊन बसली. "मावशी, खुनी कोण ते सांगायचं नाही हं!" तिसेक नावांवर फुल्या मारल्या आणि "सगळे तेच तेच सांगतायत गं" म्हणत उठली. चूक तिची नाही. हे लोणचं आहे, त्याची भाजी करू नये. मी डब्याबरोबर रोज दोन जबाब वाचले, ते पुरले.

पुस्तकाचं उत्पन्न न्यूयॉर्कमधल्या '८२६ एनवायसी' या मुलांना लिहितं करणाऱ्या संस्थेसाठी. मी किलोच्या भावाने घेतल्यामुळे त्यांना माझा छदामही गेला नाही, हे जरा टोचलं.

वाचून झाल्यावर पुस्तक मुद्दाम आमच्या आताच्या संपादकांच्या टेबलावर ठेवलं. चार दिवसांनी परत आलं. आत माझ्या नावाची चिठ्ठी होती: "आवडलं. शनिवारी लेख हवाय."