ई-मेलवर बुद्धिबळ: चालीमागे ३ दिवस की १० चालींना ५० दिवस?

माझी मामेबहीण घणसोलीला राहते, तिला ई-मेलवर बुद्धिबळ सुरू करायचंय आणि समोरच्याने विचारलंय की टाइम लिमिट कुठलं ठेवू. फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय, अजून कोणी इथेच अडलं असेल तर त्यांनाही कामाला येईल.

मुख्य पद्धती दोन. एक म्हणजे प्रत्येक चालीला ठरलेले दिवस, समजा ३, तुम्ही तासाभरात खेळलात तरी पुढच्या चालीला परत ३च. लिचेस आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर असंच असतं, १ दिवसापासून १४ दिवसांपर्यंत निवडता येतं. दुसरी म्हणजे चालींच्या गटाला दिवस, १० चालींना ५० वगैरे, आणि वाचलेले दिवस पुढे जमा होतात. पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांची जागतिक संघटना आयसीसीएफ वर्षानुवर्षं ही गटवाली पद्धत वापरत आलीय, पोस्टकार्डांच्या काळात १० चालींना ३० दिवस असायचे आणि टपालाचा प्रवास त्यात धरायचे नाहीत.

आता फरक कुठे पडतो बघा. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, थोडंफार येत असेल तर पहिल्या आठ-दहा चाली घणसोली ते ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या होतात, विचार करायला लागतो तो मधल्या डावात, आणि तोही प्रत्येक चालीला सारखा नाही. माझ्या एका डावात २३व्या चालीला प्रश्न होता, घोडा देऊन काळ्याच्या राजापुढची प्यादी फोडायची की हत्ती डी-फाइलवर, म्हणजे पटाच्या डी या उभ्या रांगेत आणून दम धरायचा. पट फ्रीजवर मांडून ठेवला होता, भाकऱ्या भाजता भाजता बघायचे, आणि सहाव्या दिवशी दिसलं की घोडा दिल्यावर काळ्याचा उंट एफ८ या घरावर परत येतो आणि हल्ला तिथेच संपतो. ३ दिवसांचा डाव असता तर मी घोडा देऊन मोकळी झाले असते. सुरुवातीला वाचवलेले दिवस मला तिथे वापरता आले, मला गटाची पद्धत आवडते ती एवढ्याचसाठी.

पण तिच्यात हिशोब आहे आणि ई-मेलमध्ये तो तुम्हालाच ठेवावा लागतो, सर्व्हरसारखं घड्याळ कोणी चालवत नाही. प्रत्येक मेलमध्ये समोरच्याची चाल परत लिहायची, खाली आपली चाल, आणि त्याखाली एक ओळ: मेल आला ४ तारखेला, उत्तर ९ ला, दिवस ५, एकूण १७. ही ओळ एकदा जरी चुकली ना, तर पुढे दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि चांगला चाललेला डाव वादात जातो. तारखेचा घोळ तर नक्की होतो, कारण हिवाळ्यात जर्मनीतून रात्री ९ ला निघालेला मेल आपल्याकडे दीड वाजता येतो, म्हणजे तारीख बदललेली, तेव्हा कोणाची तारीख धरायची ते पहिल्याच मेलमध्ये ठरवा. २४ तासांच्या आत उत्तर गेलं तर शून्य दिवस धरायची पद्धत आहे. अजून एक, आयसीसीएफच्या पारंपरिक नियमात एकाच चालीला २० दिवसांच्या वर गेलात की पुढचा प्रत्येक दिवस दुप्पट धरतात, म्हणजे ३० दिवस लावले तर खात्यातून ४० जातात. घरच्या डावातही हा नियम घ्या, म्हणजे हरणारा माणूस गप्प बसून राहत नाही.

चालीमागे ३ दिवसवाल्यात यातलं काहीच नाही, शेवटच्या मेलची तारीख बघितली की झालं. ज्यांना रोज मेल उघडायची सवय आहे आणि वही ठेवायचा कंटाळा आहे त्यांनी हेच घ्यावं. पण ज्यांना फक्त रविवार मोकळा असतो त्यांनी नको, सोमवारी चाल आली की गुरुवारी मुदत संपली. त्यांना निदान ७ दिवस हवेत.

किती लांबतं तेही बघा. ४० चालींचा डाव, दोघांनी सगळी वेळ वापरली तर ३ दिवसांच्या हिशोबाने २४० दिवस, आणि १० चालींना ५० ने ४००, रजेचे म्हणजे घड्याळ थांबवलेले दिवस वेगळे. टपालावर तर याहून लांबायचं, दहाव्या कॉरस्पॉन्डन्स ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या पत्राने खेळायच्या स्पर्धेत, पूर्व जर्मनीला ब्राँझ मिळालं ते १९९५ मध्ये, तो देशच १९९० मध्ये संपला होता! म्हणून मामेबहिणीला मी १० चालींना ३० दिवस सांगितलंय, रोजच्या नोकरीत तेवढे पुरतात आणि डाव वर्षाच्या आत संपायला बराच वाव राहतो.

रजेचं मात्र दोन्हीकडे आधी ठरवा. गणपतीत आम्ही गावी कणकवलीला होतो, ३ दिवसांचा डाव, घराच्या मागे रेंजच नाही, मेल बघितला तो चौथ्या दिवशी. हत्ती-प्याद्यांचा शेवट होता, माझं एक प्यादं जास्त, आणि समोरच्याने माझी वेळ संपली म्हणून डाव मागितला. नियमाने तो बरोबरच होता, रजेबद्दल आम्ही काहीच लिहून ठेवलं नव्हतं. मला अजून वाईट वाटतं त्या डावाचं. आता वर्षाला ३० दिवस रजा पहिल्याच मेलमध्ये लिहून घेते, आणि गाडीत बसायच्या आदल्या रात्री ‘१८ ते २८ रजा, चाल २९ पासून मोजावी’ एवढा मेल टाकते आणि समोरून ‘मिळालं’ आल्याशिवाय बॅग बंद करत नाही.